पिप म्हणतं ‘झालं’, पायथन म्हणतं ‘नाही’: जावा-नोडकडून आलेल्यांचा नेहमीचा घोळ

टर्मिनलवर ‘पिप इन्स्टॉल रिक्वेस्ट्स’ दिलं (पिप म्हणजे पायथनची पॅकेजं, म्हणजे तयार लायब्ऱ्या, आणून बसवणारं साधन; रिक्वेस्ट्स ही त्यातलीच एक), खाली ‘सक्सेसफुली इन्स्टॉल्ड’ आलं. प्रोग्राम चालवला, तर पहिल्याच ओळीवर ‘मॉड्यूलनॉटफाउंडएरर: नो मॉड्यूल नेम्ड रिक्वेस्ट्स’. परत इन्स्टॉल करून पाहिलं तर पिप सांगतं, ‘रिक्वायरमेंट ऑलरेडी सॅटिस्फाइड’. एकाच खिडकीत एक जण शपथेवर सांगतोय की वस्तू आहे, दुसरा शपथेवर सांगतोय की नाही. आणि दोघंही खरं बोलतायत.

जावा, सी शार्प किंवा नोडमध्ये बरीच वर्षं काढलेली मंडळी डेटा किंवा एआयच्या कामासाठी पायथनकडे वळतात, तेव्हा भाषा त्यांना फारशी जड जात नाही. लूप, क्लास, एक्सेप्शन सगळं ओळखीचंच असतं. गाडी अडते ती इथे. गंमत म्हणजे कॉलेजातल्या नवख्या पोराला हा त्रास कमी होतो, कारण त्याच्या मशीनवर पायथन एकच असतं. अनुभवी माणसाच्या लॅपटॉपवर ऑपरेटिंग सिस्टिमचं एक असतं, होमब्रूनं (मॅकवर प्रोग्राम बसवणारं साधन) दुसऱ्याच कुठल्या टूलबरोबर ओढून आणलेलं एक, कधीतरी कोर्ससाठी टाकलेलं अ‍ॅनाकोंडाचं एक, आणि एडिटरनं परस्पर बनवलेलं आणखी एक. शिवाय ‘बॅशआरसी’त (टर्मिनल उघडताना वाचली जाणारी सेटिंगची फाइल) कधीकाळी लिहून विसरलेल्या दोन-चार ओळी.

खालच्या कमांड देवनागरीत लिहिल्या आहेत. टाइप करताना अर्थातच नेहमीच्या रोमन अक्षरांत.

मुळात वेगळं काय आहे

जावाच्या मेव्हनमध्ये डिपेन्डन्सी, म्हणजे प्रोग्रामला लागणाऱ्या लायब्ऱ्या, ‘पॉम.एक्सएमएल’मध्ये लिहायच्या. त्यांच्या जार फाइली उतरतात होम डिरेक्टरीतल्या ‘.एम२’ फोल्डरात. तिथे एकाच लायब्ररीच्या पाच आवृत्त्या शेजारी शेजारी नांदू शकतात; कुठल्या प्रोग्रामला कुठली मिळणार हे चालवतेवेळी क्लासपाथ (लायब्ऱ्या कुठे शोधायच्या याची यादी) ठरवतो. नोडमध्ये ‘नोड_मॉड्यूल्स’ प्रोजेक्टच्या फोल्डरातच असतं, आणि नोड चालू फाइलच्या फोल्डरपासून वर वर चढत ते शोधतो. म्हणजे फाइल कुठे ठेवली आहे याला तिथे अर्थ आहे.

पायथनमध्ये पॅकेज ना प्रोजेक्टचं असतं, ना मशीनचं. ते इंटरप्रिटरचं, म्हणजे कोड वाचून चालवणाऱ्या पायथन प्रोग्रामचं, असतं. प्रत्येक इंटरप्रिटरचा स्वतःचा ‘साइट-पॅकेजेस’ फोल्डर असतो, त्यात एका लायब्ररीची एका वेळी एकच आवृत्ती राहते, आणि पिप ज्या इंटरप्रिटरला बांधलेलं असेल त्याच्याच फोल्डरात माल टाकतं. ‘सीडी’ करून प्रोजेक्टमध्ये जाऊन इन्स्टॉल केलं म्हणून त्यात तसूभर फरक पडत नाही. सोसायटीत दोन कुलकर्णी राहतात. पार्सल खालच्यांकडे उतरलं आणि वरचे वाट बघत बसले, असा हा प्रकार. पार्सल पुन्हा पुन्हा मागवून उपयोग नाही, ते प्रत्येक वेळी खालीच जाणार.

म्हणून ‘अनइन्स्टॉल करून परत टाका’, ‘पिप अपग्रेड करा’, ‘मशीन रीस्टार्ट करा’ हे सल्ले इथे बहुतेकदा फुकट जातात. पत्ता बदलत नाही तोवर काही बदलत नाही.

दोन पत्ते शेजारी ठेवा

पहिला पत्ता: प्रोग्राम कुठल्या पायथननं चालतोय? जी फाइल फुटते आहे तिच्याच अगदी वरती ‘इम्पोर्ट सिस’ आणि ‘प्रिंट(सिस.एक्झिक्युटेबल)’ या दोन ओळी टाका आणि ती नेहमी जशी चालवता तशीच चालवा. एडिटरचं हिरवं बटण दाबत असाल तर तेच दाबा. नोटबुकात फुटत असेल तर नोटबुकातच टाका. टर्मिनलवर वेगळं करून बघू नका; तिथे बरोबर उत्तर येईल आणि तुम्ही भलत्याच दिशेला जाल.

दुसरा पत्ता: पिप कुणाचं आहे? ‘पिप --व्हर्जन’ दिलं की आवृत्तीच्या पुढे पिप कुठल्या फोल्डरात आहे ते येतं आणि शेवटी कंसात पायथनची आवृत्ती. एकीकडे ‘/ऑप्ट/होमब्रू’ दिसतंय आणि दुसरीकडे ‘/यूएसआर/बिन’, किंवा एकीकडे ३.९ आणि दुसरीकडे ३.१३, की निदान संपलं.

मशीनवर एकूण किती पायथन आहेत हे बघायला मॅक-लिनक्सवर ‘टाइप -ए पायथन३’, विंडोजच्या कमांड प्रॉम्प्टवर ‘व्हेअर पायथन’. विंडोजवर यादीत ‘विंडोजअ‍ॅप्स’ फोल्डरातली एक एंट्री दिसली तर ती खरं पायथन नसून मायक्रोसॉफ्ट स्टोअरकडे नेणारी नुसती पाटी असू शकते. ‘पायथन’ टाइप केल्यावर स्टोअर उघडत असेल तर कारण हेच. सेटिंग्जमध्ये ‘अ‍ॅप एक्झिक्यूशन अलायसेस’ शोधा आणि पायथनच्या नावापुढची बटणं बंद करा. मॅकवाल्यांना वेगळा धक्का बसतो: अ‍ॅपलनं २०२२ मध्ये मॅकओएस १२.३ पासून जुनं पायथन २.७ काढून टाकलं, त्यामुळे वर्षानुवर्षं चालणाऱ्या स्क्रिप्टला अचानक ‘पायथन’ नावाची कमांडच सापडेनाशी होते. तिथे ‘पायथन३’ म्हणायचं.

उपाय

तातडीचा उपाय एका ओळीचा आहे. नुसतं ‘पिप’ म्हणणं सोडा आणि हे म्हणा:

पायथन -एम पिप इन्स्टॉल रिक्वेस्ट्स

यात पिप वेगळं शोधलं जात नाही. ज्या पायथनला हाक मारली त्याचंच पिप चालतं. पहिल्या पत्त्यात जो पूर्ण पाथ मिळाला तो ‘पायथन’च्या जागी जसाच्या तसा चिकटवला तर चुकायला वावच उरत नाही.

कायमचा उपाय म्हणजे प्रत्येक प्रोजेक्टला स्वतःचा इंटरप्रिटर देणं, म्हणजेच व्हर्च्युअल एन्व्हायर्नमेंट. पायथन ३.३ पासून, म्हणजे २०१२ पासून, ही सोय भाषेतच आहे, वेगळं काही आणावं लागत नाही. प्रोजेक्टच्या फोल्डरात एकदाच:

पायथन३ -एम व्हीएन्व .व्हीएन्व

डेबियन-उबुंटूवर ‘एन्शुअरपिप इज नॉट अ‍ॅव्हेलेबल’ अशी तक्रार आली तर आधी ‘एपीटी’नं (तिथलं पॅकेज बसवणारं साधन) ‘पायथन३-व्हीएन्व’ हे पॅकेज टाका. तिथे ते सुटं ठेवलेलं आहे.

यानंतर सगळे ‘अ‍ॅक्टिव्हेट’ करायला सांगतात, आणि जावाकडून आलेल्यांना वाटतं की त्यात काहीतरी गूढ घडतं. तसं काही नाही. ती स्क्रिप्ट मुख्यतः एवढंच करते की ‘.व्हीएन्व/बिन’ हा फोल्डर ‘पाथ’च्या (कमांड शोधायच्या फोल्डरांच्या यादीच्या) सुरुवातीला आणून ठेवते. परिणाम फक्त त्या शेलपुरता, म्हणजे टर्मिनलच्या त्या सत्रापुरता. नवी टॅब उघडली की गेलं. अ‍ॅक्टिव्हेट न करता थेट ‘.व्हीएन्व/बिन/पायथन मेन.पीवाय’ म्हटलं तरी तंतोतंत तेच होतं. विंडोजवर ‘बिन’च्या जागी ‘स्क्रिप्ट्स’. सर्व्हरवर आणि क्रॉनमध्ये (ठरल्या वेळी आपोआप कामं चालवणारी सोय) मी तर हाच मार्ग सांगेन. क्रॉनचा ‘पाथ’ अगदी तुटपुंजा असतो, तुमची ‘बॅशआरसी’ तो वाचत नाही. ‘हातानं चालवलं तर चालतं, रात्री आपोआप चालत नाही’ या तक्रारीत निम्मा दोष याचाच असतो.

विंडोजच्या पॉवरशेलमध्ये अ‍ॅक्टिव्हेट करताना ‘रनिंग स्क्रिप्ट्स इज डिसेबल्ड’ आलं तर तो पायथनचा प्रश्न नाही, पॉवरशेलच्या धोरणाचा आहे. ‘सेट-एक्झिक्यूशनपॉलिसी रिमोटसाइन्ड -स्कोप करंटयूजर’ एकदा द्यायचं. ऑफिसच्या लॅपटॉपवर ते बंद केलेलं असेल तर भांडत बसू नका, वर सांगितल्याप्रमाणे थेट पाथनं चालवा.

‘एक्स्टर्नली-मॅनेज्ड-एन्व्हायर्नमेंट’ हा एरर

नव्या लिनक्सवर पिप मुळात नकारच देतं. डेबियन १२ आणि उबुंटू २३.०४ पासून सिस्टिमच्या पायथनमध्ये पिपनं काही टाकू पाहिलं की हा लांबलचक संदेश येतो. होमब्रूचं पायथनही आता तसंच वागतं. संदेशातच ‘--ब्रेक-सिस्टिम-पॅकेजेस’ या फ्लॅगचा उल्लेख असतो, आणि घाईतला अनुभवी माणूस नेमका तोच उचलतो. एरर जातो. पण उबुंटूची स्वतःची बरीच साधनं पायथनमध्ये लिहिलेली आहेत. ‘अ‍ॅड-एपीटी-रिपॉझिटरी’ त्यातलंच, आपोआप सुरक्षा अपडेट टाकणारं ‘अनअटेंडेड-अपग्रेड्स’ही त्यातलंच. तुम्ही तुमच्या प्रोजेक्टसाठी एखादी लायब्ररी वर-खाली केली की त्यांच्याही पायाखालची सतरंजी सरकते. ‘सुडो पिप’चा, म्हणजे सिस्टिमच्या पूर्ण अधिकारानं पिप चालवण्याचा, जुना मार्गही याच कारणानं वाईट. कोडची मांडणी नीट करणाऱ्या ‘ब्लॅक’सारखं एखादं कमांडचं साधन सगळीकडे हवं असेल तर ‘पिपएक्स’ वापरा. ते प्रत्येक साधनाला आपलं वेगळं एन्व्हायर्नमेंट करून देतं.

जावावाल्यांची खास सवय: ‘पायथनपाथ’

या एका गोष्टीनं जितका गोंधळ घातलेला पाहिला आहे तितका बाकी कशानं नाही. ‘क्लासपाथ’ची सवय असलेल्या माणसाला ‘पायथनपाथ’ नावाचा एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल दिसतो आणि त्याला वाटतं, सापडलं. मग तो दुसऱ्या कुठल्या तरी पायथनचा ‘साइट-पॅकेजेस’ फोल्डर त्यात घालतो, ती ओळ ‘झेडशेलआरसी’त (झेडशेलची ‘बॅशआरसी’) टाकतो, आणि एरर खरोखर जातो. त्या दिवसापुरता.

‘पायथनपाथ’ एका इंटरप्रिटरला लागू होत नाही, त्या शेलमधून सुरू होणाऱ्या प्रत्येक पायथनला लागू होतो. व्हर्च्युअल एन्व्हायर्नमेंटलाही. आणि त्यातले फोल्डर ‘साइट-पॅकेजेस’च्या आधी शोधले जातात. म्हणजे काही महिन्यांनी तुम्ही कोरं एन्व्हायर्नमेंट बनवता, त्यात नमपाय या आकडेमोडीच्या लायब्ररीची नवी आवृत्ती टाकता, आणि आत लोड होते जुन्या पायथनसाठी बनलेली जुनी. नमपायचा गाभा सीमध्ये कंपाइल केलेला असतो आणि तो त्या त्या पायथन आवृत्तीला बांधलेला असतो, त्यामुळे ‘इम्पोर्टिंग द नमपाय सी-एक्स्टेन्शन्स फेल्ड’ असा भलताच एरर येतो. पत्ते जुळतात, पॅकेज जागेवर असतं, आणि तरी फुटतं. अशा वेळी ‘प्रिंट(सिस.पाथ)’ करून यादी वाचा. तुमच्या एन्व्हायर्नमेंटबाहेरचा आणि ज्या पायथनवरून ते बनलं त्याच्या मूळ लायब्ररीचाही नसलेला कुठला फोल्डर दिसला, तर तो कुठून आला ते शोधा. ‘अनसेट पायथनपाथ’ करून पुन्हा चालवणं ही सगळ्यात जलद चाचणी.

हीच गत अलायसची, म्हणजे कमांडला दिलेल्या टोपणनावाची. कुणीतरी ‘पायथन’ला ‘/यूएसआर/बिन/पायथन३’ असा पूर्ण पाथ अलायस करून ठेवलेला असतो. अलायस ‘पाथ’च्या आधी बघितला जातो, म्हणून अ‍ॅक्टिव्हेट केलं, प्रॉम्प्टवर कंसात एन्व्हायर्नमेंटचं नाव आलं, तरी धावतं सिस्टिमचंच. प्रॉम्प्टवर विश्वास ठेवू नका. ‘टाइप पायथन’ विचारा.

एडिटर आणि नोटबुक

व्हीएस कोडमध्ये टर्मिनल एक पायथन वापरतं आणि रनचं बटण दुसरंच, असं होऊ शकतं. कमांड पॅलेटमधून ‘पायथन: सिलेक्ट इंटरप्रिटर’ उघडा आणि ‘.व्हीएन्व’मधला निवडा. प्रोजेक्टचा फोल्डर न उघडता सुटी फाइल उघडली असेल तर यादीत तो दिसणारही नाही.

ज्युपिटरमध्ये दोन थर असतात: ज्युपिटर ज्या पायथनवर चालतं ते, आणि नोटबुकाचा कर्नल, म्हणजे कोड प्रत्यक्ष चालवणारा भाग, ज्यावर चालतो ते. नोटबुकात उद्गारचिन्हानं सुरू होणारी पिपची ओळ शेलमध्ये जाते आणि शेलला जे पिप सापडेल ते चालतं. टक्क्याच्या चिन्हानं सुरू होणारी ‘%पिप इन्स्टॉल’ मात्र चालू कर्नलच्याच पायथनमध्ये टाकते. एवढा एका चिन्हाचा बदल पुष्कळांचं काम करून टाकतो. तुमचं एन्व्हायर्नमेंट कर्नलच्या यादीत आणायचं असेल तर त्यात ‘आयपीवायकर्नल’ टाका आणि त्याच पायथननं ‘-एम आयपीवायकर्नल इन्स्टॉल --यूजर --नेम’ आणि पुढे हवं ते नाव द्या.

एन्व्हायर्नमेंटचा फोल्डर हलवला किंवा प्रोजेक्टचं नाव बदललं तर पिप ‘बॅड इंटरप्रिटर’ म्हणून बंद पडतं, कारण आतल्या स्क्रिप्टांच्या पहिल्या ओळीत जुना पूर्ण पाथ लिहिलेला असतो. दुरुस्त करत बसू नका. फोल्डर उडवा, नवा बनवा. गिटमध्येही तो कधी टाकू नका; टाकायची ती ‘रिक्वायरमेंट्स.टीएक्सटी’ किंवा ‘पायप्रोजेक्ट.टॉमल’.

पत्ते जुळतात, तरी सापडत नाही

मग बहुधा नावाचा घोळ. मेव्हनमध्येही आर्टिफॅक्टचं नाव आणि जावा पॅकेजचं नाव वेगळं असू शकतं, हे तुम्हाला ठाऊक आहे. इथे ते जास्त बोचतं. ‘पिलो’ इन्स्टॉल करायचं आणि ‘पीआयएल’ इम्पोर्ट करायचं. ‘ओपनसीव्ही-पायथन’चं ‘सीव्ही२’, ‘सायकिट-लर्न’चं ‘एसकेलर्न’, ‘पायवायएएमएल’चं ‘यामल’, ‘ब्यूटिफुलसूप४’चं ‘बीएस४’. इम्पोर्टचं नाव पाहून अंदाजानं पिपला देऊ नका. पायपीआयवर, म्हणजे पिप जिथून पॅकेजं आणतं त्या साठ्यावर, त्याच नावाचं भलत्याच कुणाचं पॅकेज असू शकतं, आणि ते तुमच्या मशीनवर कोड चालवणार असतं.

दुसरा प्रकार म्हणजे तुमच्याच फाइलनं लायब्ररी झाकणं. रिक्वेस्ट्स शिकायला बसलेला माणूस फाइलला ‘रिक्वेस्ट्स.पीवाय’ नाव देतो. पायथन आधी स्क्रिप्टच्याच फोल्डरात बघतं, तिथे ही फाइल सापडते, आणि ती स्वतःलाच इम्पोर्ट करते. एरर येतो ‘पार्शली इनिशियलाइज्ड मॉड्यूल’चा, सोबत ‘सर्क्युलर इम्पोर्ट’ची शंका. अनुभवी माणूस मग खरोखरची सर्क्युलर डिपेन्डन्सी शोधत फिरतो. फाइलचं नाव बदला. ‘रँडम’, ‘ईमेल’, ‘टोकन’ ही नावंही टाळा. ३.१३ पासून पायथन स्वतःच नाव बदलायला सुचवतं, हे चांगलं झालं.

‘अटेम्प्टेड रिलेटिव्ह इम्पोर्ट विथ नो नोन पेरेंट पॅकेज’ आला तर तुम्ही पॅकेजच्या आतली फाइल थेट पाथनं चालवली आहे. प्रोजेक्टच्या मुळाशी उभं राहून ‘पायथन -एम पॅकेज.मॉड्यूल’ असं चालवा.

आणि इन्स्टॉल होतानाच शेकडो ओळींचा सी कंपायलरचा आक्रोश सुरू झाला, किंवा विंडोजवर ‘मायक्रोसॉफ्ट व्हिज्युअल सी++ १४.०’ची मागणी आली, तर कंपायलर बसवायच्या आधी पायथनची आवृत्ती बघा. दरवर्षी ऑक्टोबरात नवं पायथन येतं आणि जड लायब्ऱ्यांची तयार व्हील (आधीच कंपाइल केलेली पॅकेजं) त्यासाठी यायला काही काळ जातो. तोवर पिप सोर्सवरून बांधायला बसतं. कामासाठी एक आवृत्ती मागे राहणं हे माझ्या मते शहाणपणाचं. उलट, ‘नो मॉड्यूल नेम्ड डिस्टयूटिल्स’ आला तर लायब्ररी जुनी आहे: २०२३ मधल्या ३.१२ नं ते मॉड्यूल काढून टाकलं. लायब्ररीची नवी आवृत्ती घ्या. नसेलच तर एन्व्हायर्नमेंटमध्ये ‘सेटअपटूल्स’ टाकून तात्पुरतं निभावतं.

मग यूव्हीच का नको?

हरकत काहीच नाही. अ‍ॅस्ट्रलचं ‘यूव्ही’, म्हणजे पॅकेजं आणि एन्व्हायर्नमेंट दोन्ही सांभाळणारं साधन, २०२४ मध्ये आलं, ते रस्टमध्ये लिहिलं आहे, वेगवान आहे, आणि मेव्हन किंवा एनपीएमच्या सवयीला सगळ्यात जवळचं आहे. ‘यूव्ही अ‍ॅड’ डिपेन्डन्सी लिहून ठेवतं, ‘यूव्ही रन’ एन्व्हायर्नमेंट नसेल तर बनवून त्यातच प्रोग्राम चालवतं. नवा प्रोजेक्ट असेल तर खुशाल त्यानं सुरुवात करा. पण तेही आतून ‘.व्हीएन्व’च बनवतं, आणि एडिटर, नोटबुक, क्रॉन यांना ते आपोआप कळेलच असं नाही. त्यामुळे वरची तपासणी टळत नाही.

मराठी फाइल वाचताना

पॅकेजं जागेवर आली की विंडोजवर पुढची ठेच ही लागते, विशेषतः जेडीके १८ नंतरच्या जावाला सरावलेल्यांना. २०२२ मधल्या त्या आवृत्तीपासून जावा सगळीकडे यूटीएफ-८ (सगळ्या लिपींची अक्षरं बाइटांत मांडायची पद्धत, म्हणजे एन्कोडिंग) गृहीत धरते. पायथनचं ‘ओपन’ मात्र विंडोजवर आजवर सिस्टिमचं एन्कोडिंग घेत आलं आहे, आणि आपल्याकडच्या बहुतेक लॅपटॉपांवर ते रोमन लिपीसाठीचं सीपी१२५२ असतं. पायथन ३.१५ पासून यूटीएफ-८ मूळ धरायचं ठरलं आहे, तोवर सांभाळा.

यातली खरी अडचण अशी की एरर दरवेळी येत नाही. जिल्ह्यांच्या यादीत ‘सातारा’ आणि ‘नागपूर’ एवढेच असतील तर फाइल निमूट वाचली जाते आणि आत चिन्हं लावलेल्या रोमन अक्षरांचा कचरा भरतो. ‘पुणे’ आलं की ‘चारमॅप कोडेक कान्ट डीकोड’ म्हणून फुटते, कारण ऱ्हस्व उकाराच्या तीन बाइटांपैकी शेवटच्याला सीपी१२५२ मध्ये अक्षरच नाही. ‘कोल्हापूर’मधल्या हलन्ताचंही तेच. दहा ओळींच्या नमुना फाइलवर चाचणी पास झाली म्हणून निर्धास्त होऊ नका. ‘ओपन’ला प्रत्येक वेळी ‘एन्कोडिंग=यूटीएफ-८’ द्या, किंवा ‘पायथनयूटीएफ८=१’ हा व्हेरिएबल लावा. एक्सेलमधून ‘सीएसव्ही यूटीएफ-८’ म्हणून जतन केलेल्या फाइलला ‘यूटीएफ-८-सिग’ द्या, नाहीतर पहिल्या स्तंभाच्या नावाला एक न दिसणारं चिन्ह चिकटतं आणि ते नाव शोधून सापडत नाही. एक्सेलमधला नुसता ‘सीएसव्ही’ पर्याय निवडला असेल तर देवनागरीची प्रश्नचिन्हं तिथेच झाली. ती पायथननं परत येत नाहीत. पांडाज (तक्त्यांच्या डेटाची लायब्ररी) मुळातच यूटीएफ-८ धरतं, म्हणून ‘पांडाजनं वाचतं, साध्या सीएसव्ही मॉड्यूलनं फुटतं’ असं कुणी म्हणालं तर गोंधळू नका.

एवढं करूनही अडलं आणि टीममध्ये विचारायची वेळ आली, तर सोबत हे द्या: जिथे फुटतं तिथला ‘सिस.एक्झिक्युटेबल’ आणि ‘सिस.पाथ’, ‘पायथन -एम पिप --व्हर्जन’चं उत्तर, ‘पायथन -एम पिप शो’ आणि पॅकेजचं नाव यातून मिळालेली ‘लोकेशन’ची ओळ, आणि पूर्ण ट्रेसबॅक (एरर कुठल्या ओळींतून आला ते सांगणारा मजकूर). सगळं मजकूर म्हणून. मोबाइलनं काढलेला स्क्रीनचा तिरपा फोटो नको, त्यातून पाथ कॉपी करता येत नाही.